न्यायालय पूर्णपणे मोकळे आहे

ट्रक उतारावरून न्यायला नकार दिला, एवढाच त्या चालकावरचा आरोप होता.

छावणी डोंगराच्या माथ्यावर आणि सामानाचं कोठार खाली नदीकाठी. मधला रस्ता नुसता वळणांचा. रिकामी पिंपं भरलेला ट्रक सकाळी खाली न्यायचा आणि भरलेली पिंपं घेऊन वर यायचं, हे त्याचं रोजचं काम. त्या दिवशी त्याने आवारातच ब्रेक दाबून बघितला, तर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. ब्रेक लागत होता, पण उशिरा लागत होता. वर्कशॉपमधून कुणीतरी येऊन बघा, असा त्याने निरोप धाडला. वर्कशॉपवाले दुसऱ्या कामात अडकलेले. वाहनांवरचा कॅप्टन घाईत होता, कारण उशीर झाला की कोठारवाले दार लावून घेत. त्याने गाडी काढायचा हुकूम दिला. चालकाने इंजिन बंद केलं, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि म्हणाला की कुणीतरी बघू दे, मग नेतो. कॅप्टनने हुकूम पुन्हा दिला. चालक ताठ उभा राहिला, सॅल्यूटही ठोकला, पण गाडीत काही चढला नाही.

मग तीच गाडी दुसऱ्या चालकाने खाली नेली आणि सुखरूप नेली. सगळी पंचाईत तिथे झाली. गाडी दरीत गेली असती तर हा चालक शहाणा ठरला असता. ती धडधाकट पोचली, म्हणून हा आज्ञाभंग करणारा ठरला.

प्रकरण तसं किरकोळ होतं. त्याच्या कमांडिंग ऑफिसरला ते आपल्या कचेरीत उभ्या उभ्या मिटवता आलं असतं. थोडे दिवस कोठडी आणि सेवापुस्तकात एक लाल शेरा, की संपलं. नियमाप्रमाणे त्यांनी चालकाला विचारलं, की माझा निकाल मान्य करतोस का कोर्टमार्शल हवं? असं विचारल्यावर बहुतेक जण मुकाट्याने साहेब देतील ती शिक्षा घेतात. याने कोर्ट मागितलं. सोबतच्यांनी त्याला वेड्यात काढलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की पाच जण बसले तर त्यांतला एखादा तरी विचारेल, पेडल दाबून कुणी बघितलं होतं का म्हणून.

त्या पाचांतली सेवाज्येष्ठतेने सगळ्यांत धाकटी होती लष्करी इस्पितळातली दातांची डॉक्टर.

कोर्टावर नेमणूक झाल्याचा हुकूम घेऊन ती घरी आली, तेव्हा तिची नणंद स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय हलवत बसली होती. नणंद वकील. गावातल्या साध्या कोर्टात भाडेकरू, घटस्फोट, कुंपणाची भांडणं असली कामं करायची आणि भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. हुकूम बघून तिला हसू आवरेना.

"वहिनी, तू न्यायाधीश? कायद्याचं पुस्तक कधी उघडलंयस का?"

डॉक्टरने सांगितलं की एक कायदा अधिकारी शेजारी बसतो, तो कायदा सांगतो. त्याला मत नसतं. मत पाच जणांचं, निकाल बहुमताने. नणंदेने मग एकेक खुंटी हलवून बघावी तसे प्रश्न विचारले. आरोप ठेवला कुणी? तर विभागाच्या जनरलच्या सहीने. पाच जण निवडले कुणी? त्यांनीच. फिर्यादीचा वकील कुणी नेमला? त्यांनीच. आणि निकाल लागला की?

"तो त्यांच्याकडे मंजुरीला जातो. त्यांनी मंजूर केल्याशिवाय तो लागू होत नाही."

"मग तुम्ही पाच जण तिथे करता काय?"

डॉक्टरला राग आला. काहीही झालं तरी ती बारा गावचं पाणी प्यायलेली मेजर होती, आणि लष्कराला घरच्यांनीच नावं ठेवलेली तिला खपत नसत. ती म्हणाली की आम्ही शपथ घेतो, भीडभाड न ठेवता न्याय करू म्हणून, आणि ती शपथ खरी असते. नणंद ओट्यावरून उतरली आणि चहा टाकते म्हणाली. नवऱ्याने वर्तमानपत्राआडून एवढंच विचारलं, की यात तुला काही त्रास तर नाही ना होणार. गेली कित्येक वर्षं दोघांच्या नोकऱ्या दोन टोकांना होत्या. आता कुठे एका छपराखाली आले होते, आणि तिची बदली हा घरातला हळवा विषय होता.

कोर्ट बसलं ते अधिकाऱ्यांच्या क्लबातल्या खेळाच्या खोलीत. टेबलटेनिसचं टेबल दुमडून भिंतीला लावलेलं. पाच खुर्च्यांपुढच्या लांब टेबलावर हिरवं कापड, त्याच्या एका कडेला इस्त्रीचा डाग. मध्ये अध्यक्ष, एक कर्नल. मधुमेही माणूस, खिशात बिस्किटं बाळगायचे आणि आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांच्या एका हाताला तोफखान्याचा लेफ्टनंट कर्नल आणि रसद खात्याचा मेजर, दुसऱ्या हाताला इंजिनिअर मेजर आणि टोकाला डॉक्टर. कायदा अधिकारी बाजूला, त्याच्यापुढे जाडजूड पुस्तकं आणि त्यांतून डोकावणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या.

चालक आत आला. चाळिशीकडे झुकलेला, रुंद पंजांचा माणूस. त्याने पाचही जणांकडे एकेक करून नीट बघितलं, जणू प्रत्येकाची ओळख करून घेत होता.

साक्षी फार नव्हत्या. ज्याने गाडी खाली नेली तो दुसरा चालक बोलता बोलता म्हणाला, "मग गोगलगाय म्हणाला की मी नेत नाही." खोलीत हशा पिकला. गोगलगाय हे आरोपीचं टोपणनाव होतं. तो गाडी इतकी हळू चालवायचा की मागचे वैतागायचे. टंकलेखकाने विचारलं की गोगलगाय असं लिहू का. अध्यक्ष म्हणाले, साक्षीदार बोलला तेच लिहा. आरोपीही हसला. पेडल खोल जात होतं का, असं त्याच्या वकिलाने विचारल्यावर दुसऱ्या चालकाने कॅप्टनकडे बघितलं आणि म्हणाला की आमच्या सगळ्याच गाड्यांची पेडलं जरा खोल जातात.

वर्कशॉपच्या हवालदाराने सांगितलं की नंतर गाडी तपासली तेव्हा ब्रेकचं तेल कमी होतं, ते भरलं. कमी म्हणजे धोक्याइतकं का? ते त्याला सांगता आलं नाही. बचावाच्या वकिलाने गॅरेजच्या भिंतीवर लावलेली सूचना वाचून दाखवली, की चालकाला गाडी सुरक्षित वाटत नसेल तर त्याने ती रस्त्यावर नेऊ नये. फिर्यादीचा वकील उठला आणि म्हणाला की सूचना ही सूचना असते आणि हुकूम हा हुकूम असतो.

शेवटी कॅप्टन. तरतरीत, स्वच्छ बोलणारा मुलगा, खोटं बोलेल असा वाटत नव्हता. दोन्ही वकिलांचं विचारून झाल्यावर अध्यक्षांनी बिस्कीट खिशात परत ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही स्वतः पेडल दाबून बघितलंत?"

"गरज वाटली नाही, सर."

"गाडीत बसलात?"

"नाही, सर."

आरोपीने डोळे मिटून घेतले. त्याला हवा होता तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारला होता.

खोली रिकामी करून पाच जण मत द्यायला बसले. लष्करी न्यायालयात मत धाकट्यापासून घ्यायची रीत आहे, म्हणजे वरिष्ठांचं ऐकून धाकट्याने मान डोलावू नये. डॉक्टरने सगळ्यांत आधी सांगितलं की निर्दोष. इंजिनिअर म्हणाला निर्दोष. रसदवाला म्हणाला दोषी, कारण उद्या सगळेच चालक पेडलं दाबत बसले तर आमची पिंपं पोचायची कधी. तोफखानावाले निर्दोष, अध्यक्ष निर्दोष. दारं उघडून निकाल सांगितला, आणि नियमाप्रमाणे हेही सांगितलं, की हा निकाल मंजुरीनंतरच लागू होईल. चालकाने ते शेवटचं वाक्य ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने सॅल्यूट केला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन आपल्या वकिलाचे दोन्ही हात धरले.

घरी नणंदेने तोंडाकडे बघूनच ओळखलं आणि म्हणाली, चला, काहीतरी बरं झालेलं दिसतंय. पाचांपैकी कुणी काय मत दिलं हे बाहेर कुणालाही, कधीही सांगायचं नाही, ही शपथेतलीच अट होती. पण त्या रात्री डॉक्टर गुणगुणत भांडी आवरत होती.

मग बरेच दिवस काहीच झालं नाही. चालकाला कामावर घेतलं नव्हतं. मंजुरी येईपर्यंत तो बराकीच्या आवारात झाडांना पाणी घालायचा. इस्पितळात जाता-येता डॉक्टरला तो नळी धरून उभा दिसे. निर्दोष माणसाला एवढं ताटकळत का ठेवलंय, ते तिला कळत नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती.

अखेर मंजुरी आलीच नाही. आला तो निकाल, जसाच्या तसा परत, जनरलसाहेबांच्या शेऱ्यासकट. पाच जणांना पुन्हा त्याच खोलीत बोलावलं. कायदा अधिकाऱ्याने शेरा वाचून दाखवला. आज्ञा योग्य की अयोग्य हे ठरवण्याचा अधिकार आज्ञा घेणाऱ्याला नसतो, ही बाब न्यायालयाच्या नजरेतून निसटलेली दिसते. अधिकाऱ्याने वाहनाची स्वतः तपासणी केली की नाही, हा मुद्दा गैरलागू आहे. दिलेल्या निकालाचे शिस्तीवर होणारे परिणाम न्यायालयाने ध्यानात घ्यावेत आणि पुराव्याचा पुन्हा विचार करावा. आणि सगळ्यांत शेवटी लिहिलं होतं, की मूळ निकाल कायम ठेवण्यास किंवा बदलण्यास न्यायालय पूर्णपणे मोकळे आहे.

"मोकळे आहोत म्हणे," तोफखानावाले म्हणाले.

इंजिनिअरने विचारलं की निकाल असा परत पाठवता येतो का? कायदा अधिकाऱ्याने पुस्तकातली चिठ्ठी काढून कलम दाखवलं. येतो. एकदाच येतो. नवा पुरावा काही आलाय का? नाही, तोच पुरावा, तीच माणसं. फक्त विचार पुन्हा करायचा. अध्यक्षांनी तो शेरा मागून घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला आणि घडी घालून ठेवला. मग म्हणाले की सगळे जण एक दिवस घेऊ या, उद्या बसू.

तो एक दिवस डॉक्टरला फार जड गेला. दुपारी इस्पितळाच्या प्रमुखांनी तिला चहाला बोलावलं. दातांच्या नव्या यंत्राबद्दल बोलले, तिच्या कामाचं कौतुक केलं, आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाले की बदल्यांची यादी वर तयार होतेय, मी तुमचं नाव इथेच राहील असं बघतोय, फक्त सध्या कुणाच्या डोळ्यांवर येऊ नका. ते वाईट गृहस्थ नव्हते. तिचं भलंच बघत होते. म्हणूनच तिला काही उलट बोलता येईना.

घरी तिने नणंदेला आडवळणाने विचारलं, की समज, तुमच्या न्यायाधीशाने एखाद्याला सोडलं आणि वरच्याला ते पटलं नाही, तर?

"तर वरच्याने वरच्या कोर्टात जायचं. तिथे दोन्ही बाजू बोलतात, तिथला न्यायाधीश निकाल फिरवतो आणि फिरवल्याची जबाबदारी स्वतःच्या सहीने घेतो. 'बाबा रे, तूच तुझा निकाल फिरव' असं कुणी सांगत नाही." नणंदेने तिच्याकडे रोखून बघितलं. "का गं?"

"काही नाही. असंच."

"तुझं 'असंच' मला चांगलं माहितीये, वहिनी."

नवऱ्याने त्या दिवशी काहीच विचारलं नाही. फक्त झोपताना म्हणाला की तुला जे करायचं ते कर, सामान बांधायची मला सवय आहे. हे वाक्य तिला धीराचं वाटायला हवं होतं. तसं ते वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोली बंद झाली. पहिलं मत अर्थात तिचंच. ती म्हणाली, "पुरावा बदललेला नाही. माझं मतही नाही. निर्दोष."

इंजिनिअर मेजर निर्दोषवर कायम राहिला. रसदवाला दोषीवर कायम. तोफखानावाल्यांनी घसा साफ केला. म्हणाले की मी रात्रभर विचार केला. माझ्या तोफेवरच्या माणसाने, नळी मला बरोबर वाटत नाही म्हणून गोळा डागायला नकार दिला असता तर मला चाललं असतं का? नसतं चाललं. दोषी.

दोन विरुद्ध दोन. सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. डॉक्टरला खरंतर काळजी वाटली नाही. तो प्रश्न त्यांनीच तर विचारला होता.

अध्यक्ष बराच वेळ हिरव्या कापडावरचा तो डाग अंगठ्याने घासत राहिले. मग म्हणाले, "मला त्या माणसाचं काही चुकलं असं आजही वाटत नाही. पण जनरलसाहेबांनी कायद्याचा अर्थ सांगितलाय. तो अर्थ धरला, तर माझा तो प्रश्नच गैरलागू होता. आणि प्रश्न काढून टाकला तर हातात उरतं काय? हुकूम दिला होता, आणि पाळला नाही. दोषी."

"सर, पण शेऱ्यातच लिहिलंय की आपण मोकळे आहोत," डॉक्टर म्हणाली.

"लिहिलंय," अध्यक्ष म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला.

तिला वाटलं की झालं, आता घरी जायचं. पण दोषी ठरवलं की शिक्षाही त्याच पाच जणांनी ठरवायची असते, आणि मत पुन्हा धाकट्यापासून. कायदा अधिकारी तिच्याकडे वळला आणि म्हणाला की मॅडम, शिक्षेबद्दल आपलं मत.

तिला आधी वाटलं, हा चुकून विचारतोय. ती म्हणाली की मी निर्दोष म्हटलंय, मी कसली शिक्षा सांगू? मी या भागातून बाहेर राहते.

"बाहेर राहता येत नाही, मॅडम," कायदा अधिकारी शांतपणे म्हणाला. "आता न्यायालयाचं मत दोषी असं आहे, आणि आपण न्यायालयाच्या सदस्य आहात. आपलं मत पडलं, सदस्यत्व पडलेलं नाही."

"आणि मी नाहीच सांगितलं तर?"

त्याने पुस्तकातली आणखी एक चिठ्ठी चाचपली. तिने हाताने थांबवलं. ती चिठ्ठी कसली असणार ते तिला कळलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती ओकायला त्या खोलीत जागाच नव्हती. उठून दार आपटून जावं, असं एकदा मनात आलं. पण आपण गेलो तर आपली जागा मोकळी राहील आणि उरलेले त्या माणसाला आणखी काय देतील, हा विचारही लगेच पाठोपाठ आला. ज्या माणसाने काही केलेलं नाही असं तिचं मत होतं, त्याच्यासाठी ती शिक्षांच्या यादीतली सगळ्यांत हलकी शिक्षा शोधत बसली.

"ताकीद," ती म्हणाली. शब्द तोंडात कडवट लागला.

इंजिनिअर म्हणाला, ताकीद. रसदवाल्याला सक्तमजुरी आणि बडतर्फी दोन्ही हवं होतं. तोफखानावाल्यांनी मजुरी सोडून दिली, बडतर्फी ठेवली. अध्यक्षही बडतर्फी म्हणाले, आणि वर म्हणाले की तुरुंग तरी वाचला बिचाऱ्याचा.

दारं उघडून निकाल सांगितला, तेव्हा चालक पहिल्या दिवसासारखाच त्या पाच जणांकडे एकेक करून बघत होता. डॉक्टरला वाटलं की आपल्या चेहऱ्यावर काहीतरी दिसावं. पण चेहरा कोरा ठेवायचा असतो, आणि तिने तो ठेवला. या खेपेला जनरलसाहेबांच्या मंजुरीला अजिबात वेळ लागला नाही.

लष्करातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते. डोळे, कान, छाती, दात. सगळ्या विभागांच्या सह्या झाल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. तपासणीचा कागद हातात धरून चालक तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा तिला नर्सला सांगावंसं वाटलं की याला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठव. पण इस्पितळात दातांची दुसरी डॉक्टर नव्हतीच.

तो खुर्चीत बसला. तिने दिवा ओढला. त्याने तोंड उघडलं नाही.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"पहिल्या वेळी तुम्ही पाच जण होतात. दुसऱ्या वेळीही तेच पाच. साक्षीदार नवीन नाही, पुरावा नवीन नाही. मग मधल्या दिवसांत मी नक्की काय केलं? मी तर झाडांना पाणी घालत होतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. तिच्या जिभेवर आलं होतं की मी नाही बदलले, मी दोन्ही वेळा तुम्हाला निर्दोष म्हटलं. एक वाक्य. पण ते उच्चारलं की शपथ मोडली, आणि त्याहून वाईट म्हणजे पाचांतली एक वजा झाली की उरलेल्यांत बोट कुणाकडे जाणार, हेही उघड झालं. आणि त्या वाक्याने त्याची नोकरी परत येणार नव्हती. तिचं मन मात्र हलकं झालं असतं. ते तिला आणखीच लाजिरवाणं वाटलं.

"मला त्याबद्दल बोलता येत नाही," ती म्हणाली.

"हो, ते वकीलसाहेबांनी सांगितलं मला." त्याने मान हलवली. "मीच कोर्ट मागितलं होतं. साहेबांच्या कचेरीतच मिटवलं असतं, तर आज गाडी चालवत असतो." मग त्याने तोंड उघडलं.

डाव्या बाजूची मागची दाढ किडून मुळापर्यंत गेली होती. तिने फोटो काढून बघितला. दाढ वाचवण्याजोगी होती, पण त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा यावं लागलं असतं. तिच्या डोक्यात पटकन उजेड पडला. उपचार पूर्ण होईपर्यंत सही न करण्याचा अधिकार तिला होता. इथे बहुमत नव्हतं, मंजुरी नव्हती, तिचं म्हणणं शेवटचं. आणि तेवढे दिवस तो नोकरीत राहिला असता. पगार, बराक, वकिलाला भेटायची सोय, वर अर्ज करायला सवड, सगळं. आणि यात खोटं काहीच नव्हतं. दाढ खरोखरच किडलेली होती.

तिने त्याला समजावून सांगितलं, की मूळ साफ करावं लागेल, सावकाशीने करू, तोवर मी कागदावर सही करत नाही. आणि नजर कागदावरच ठेवून पुढे म्हणाली, "या दिवसांत तुम्हाला जी काही इतर कामं उरकायची असतील, ती उरका."

त्याला कळलं. कळल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"काढून टाका, मॅडम."

"अहो, वाचतेय ती. चांगली म्हातारपणापर्यंत टिकेल."

"काढून टाका. उपटा आणि सही करा. मला घरी जायचंय." आणि मग जरा नरमाईने म्हणाला, "रोज ते झाड, तो नळ, आणि येणारे-जाणारे बघतात. आणखी दिवस नकोत मला. अर्ज घरूनही करता येतो म्हणे."

तिने पुन्हा सांगून बघितलं. दाढ गेली की शेजारचा दात सरकतो, चावायला त्रास होतो, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. दाढ त्याची होती. त्याच्या मर्जीविरुद्ध ती वाचवण्याचा अधिकार तिला कुठल्याच पुस्तकाने दिलेला नव्हता.

तिने सुई टोचली, बधिर व्हायची वाट बघितली आणि दाढ काढली. मुळं वाकडी होती, त्यामुळे बराच वेळ आणि बरीच ताकद लागली. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण हूं की चूं केलं नाही. कापसाचा बोळा दाताखाली धरायला देऊन तिने सांगितलं की आज गरम काही खाऊ-पिऊ नका, चूळ जोरात भरू नका, रक्त थांबलं नाही तर परत या. मग कागदावर सही केली. बोळ्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्याने कागद घेतला, सवयीने सॅल्यूटला हात उचलला, मग आता ते आपल्याला लागू नाही हे आठवून हात खाली घेतला, आणि गेला.

त्याने अर्ज केला. हे तिला पुढे कधीतरी नणंदेकडून कळलं, आणि नणंदेला कोर्टाच्या कँटीनमध्ये दुसऱ्या वकिलाकडून. तोवर बदल्यांची यादी लागून गेली होती आणि डॉक्टरचं नाव त्यात नव्हतं. अध्यक्ष निवृत्त झाले होते. लष्कराबाहेरच्या वरच्या कोर्टाने म्हणे अर्ज दाखल करून घेतला, सगळी कागदपत्रं मागवली आणि बघितलं की लष्करी न्यायालय नियमाने बसलं होतं का, आरोपीला वकील दिला होता का, निकाल परत पाठवण्याचा अधिकार जनरलना होता का, तो एकदाच वापरला का. सगळी उत्तरं होकारार्थी होती. पुरावा नव्याने तोलणं हे आमचं काम नाही, असं म्हणून अर्ज निकालात काढला.

"शेऱ्यातच म्हणे लिहिलं होतं की कोर्टाने वाटलं तर निकाल कायम ठेवावा," नणंद म्हणाली. ती जेवणाचं ताट घेऊन डॉक्टरसमोर बसली होती. "त्या एका ओळीवर सगळं तरलं. न्यायमूर्ती म्हणाले, दबाव कुठे दिसतो? पाच जण स्वतंत्र होते, त्यांचं त्यांनी मत बदललं."

"पाचही जणांनी?" डॉक्टरने विचारलं.

"निकाल सगळ्यांचा मिळून एकच असतो ना. आत कुणी काय म्हटलं ते कुठे लिहितात?" नणंदेने घास घेतला. मग तिचा हात थांबला. "वहिनी, तू बसली होतीस ते कोर्ट हेच ना?"

डॉक्टरने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"बरं, नको सांगूस," नणंद म्हणाली. डॉक्टर उठली आणि आपलं अर्धवट ताट घेऊन मोरीकडे गेली. नळ सोडून ताट पुन्हा पुन्हा घासत राहिली. नवऱ्याने बाहेरून विचारलं की पाणी वाया का घालवतेस. तिने नळ बंद केला.